इंजिन रिच चालते म्हणून इंजेक्टर बदलताय? आधी या चुका टाळा

सायलेन्सरमधून काळा धूर, न्यूट्रलवर उभ्या गाडीला पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज एकदम खाली, अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की पहिला आळ हमखास इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावर, येतो. त्यातच स्कॅनरवर पी०१७२ हा कोड दिसला, तर तो आळ सिद्ध झाला असेच समजले जाते. प्रत्यक्षात तो कोड एवढेच सांगतो की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त होत असल्यामुळे, म्हणजेच इंजिन रिच चालत असल्यामुळे, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ते सतत कमी करत आहे आणि कमी करण्याची त्याची मर्यादा आता संपत आली आहे. पेट्रोल जास्त का होते, याचा शोध आपणच घ्यायचा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्पार्क प्लग न पाहता इंजेक्टर उतरवणे. चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. एकच प्लग काळा, ओलसर आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत असण्याची शंका रास्त आहे; मात्र ठिणगी न पडल्यानेही प्लग ओला होतो, म्हणून ठिणगी देणारी इग्निशन कॉइल आधी तपासावी. चारही प्लगवर सारखीच कोरडी काजळी असेल, तर चार इंजेक्टर एकाच वेळी गळू लागले असे मानण्यापेक्षा चौघांना सामाईक असलेले कारण शोधावे: पेट्रोलचा वाढलेला दाब, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) किंवा एखादा सेन्सर.

गोव्यात या सेन्सरकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण येथील दमट, खारट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. फोंड्यात माझ्याच गाडीचे इंजेक्टर एका पावसाळ्यात दोनदा साफ करून झाले, तरी धूर तसाच होता. दोष निघाला कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये. या सेन्सरचा रोध तापमानाबरोबर कमी होतो, त्यामुळे गंजाने वाढलेला थोडासा रोध थंड इंजिनावर लक्षातही येत नाही, पण गरम इंजिन ईसीयूला अर्धवट तापलेले दिसते आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. म्हणून स्कॅनरवरचे तापमान सकाळी गाडी काढतानाच पाहून न थांबता इंजिन पुरते तापल्यावरही पाहावे.

पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची बाटली ओतणे हा आवडता उपाय, पण तो बहुधा उलट दुखण्यावरचा आहे. तुंबलेला इंजेक्टर पेट्रोल कमी देतो, जास्त नव्हे. मात्र येथे एक गंमत आहे: चारही सिलिंडरचा धूर एकाच ऑक्सिजन सेन्सरपुढून जात असल्याने एक इंजेक्टर तुंबला की सेन्सरला एकूण मिश्रण विरळ वाटते, ईसीयू सर्वांचे पेट्रोल वाढवतो आणि तीन प्लग काळे, एक पांढुरका असे चित्र दिसते. अशा वेळी दोषी पांढुरक्या प्लगचा असतो. रिच मिश्रणाचे खापर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर फोडणेही चूक आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून मिश्रण उलट विरळ पडते आणि ईसीयूला पेट्रोल वाढवावे लागते.

मल्टिमीटरने इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम भरला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. त्यातून फक्त इंजेक्टरमधील कॉइल शाबूत असल्याचे कळते. टोकाशी सुई नीट बसते का, हे कळत नाही. गळतीची खूण वेगळी असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी अर्धा तास उभी करून परत यावे, तर सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो आणि चालू होताना काळ्या धुराचा लोट निघतो. न्यूट्रलवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो किंवा कमी करतो, तो स्कॅनरवरचा आकडा; ऋण म्हणजे कमी करतो) बरीच ऋण आणि २५०० आरपीएमला ती शून्याकडे सरकलेली, हेही गळतीकडेच बोट दाखवते. दाब वाढलेला असल्यास ती सर्वत्र ऋण राहते. खात्रीसाठी फ्युएल रेलला (सर्व इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) गेज लावून इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो का ते पाहावे. तो झपाट्याने उतरला, तरी इंजेक्टरबरोबरच पंपातील चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) आणि दाब राखणारा रेग्युलेटरही संशयित असतात. संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून लावला आणि काळा प्लगही त्याच्याबरोबर जागा बदलून गेला, तर वाद मिटतो. या कामात रेलमधील दाब आधी उतरवावा, बॅटरीची ऋण वायर काढावी आणि ओ-रिंग नव्याच वापराव्यात.

इंजेक्टर बदलूनही ट्रिम ऋणच राहिली, तर डिपस्टिक ओढून वास घ्यावा. गळलेले पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढते, आणि त्याची वाफ ब्रीदरच्या (ऑइलच्या भागातील वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून पुन्हा इंजिनात जाऊन मिश्रण रिचच ठेवते. असे ऑइल फिल्टरसह बदलून, ट्रिम रीसेट करून गाडी काही दिवस चालवावी आणि मगच पुढचा भाग उघडायचा की नाही, ते ठरवावे.