विनोदी कोझी मिस्ट्री लिहायचीय? आधी खुनी ठरवा, मग हसा

कोझी मिस्ट्री म्हणजे खून असतो पण रक्ताचे पाट नसतात, खून वाचकासमोर घडत नाही, थेट प्रेतच सापडतं, सगळे एकमेकांना ओळखतात आणि शेवटी खुनी कोण ते कळतं. तुमच्या गोष्टीत शोध घेणारी एक प्रायव्हेट डिटेक्टिव्ह बाई आहे असं धरू. त्यात विनोद घालायचा म्हटलं की बहुतेक जण दर पानाला एक जोक टाकत सुटतात आणि मग रहस्य राहतं बाजूला. मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच केलं होतं, बहिणीने चौथ्या प्रकरणात खुनी ओळखला आणि वर म्हणाली, जोक छान आहेत हां!

तर पहिलं काम, मागून सुरू करा. कोणी मारलं, का मारलं, त्या रात्री तासातासाला कोण कुठे होतं हे एका कागदावर आधी लिहून काढा. हा कागद वाचकाला कधीच दिसणार नाही पण तुम्हाला रोज लागेल. त्याच कागदावर प्रत्येक संशयिताच्या नावापुढे तो काय खोटं बोलतोय ते लिहा. सगळे खोटं बोलले पाहिजेत, फक्त एकाचं खोटं खुनाबद्दलचं, बाकीच्यांचं लफडं, उधारी, चोरून घेतलेली सुट्टी असलं काहीतरी. वाचकाला चकवायला वेगळं काही करावं लागत नाही मग, ही बाकीची खोटीच ते काम करतात. फक्त प्रत्येक खोट्याचा उलगडा कुठेतरी करा, अर्धवट सोडलेलं वाचक विसरत नाही.

आता डिटेक्टिव्ह. कोझीत बहुतेक वेळा कोणीतरी हौशी माणूस नाक खुपसत असतो, तुमची मात्र धंदेवाईक आहे, आणि हा मोठा फायदा आहे कारण "ही बाई सगळ्यांना प्रश्न का विचारतेय" हा सवालच येत नाही, तिला त्याचे पैसे मिळतात. (मिळाले तर. बिल थकवणारा क्लायंट हा फुकटचा विनोद आहे, सोडू नका.) खऱ्या प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं काम म्हणजे लग्नाआधीची चौकशी, इन्शुरन्सचे खोटे क्लेम, हरवलेली माणसं आणि गाडीत तासन् तास बसून राहणं. अटक करायचा पोलिसांसारखा अधिकार तिला नसतो, वॉरंट नसतं, कोणी दार तोंडावर आपटलं तर गप उभं राहायचं. म्हणून तिला खुनाची केस थेट देऊच नका. फालतू केस द्या, ती खुनाला जाऊन धडकू दे.

आणि इथेच या सगळ्यातली खरी गंमत आहे. क्लू लपवायची सगळ्यात भारी जागा म्हणजे जोक. वाचक हसला की शंका घ्यायचं विसरतो.

समजा डिटेक्टिव्हला हरवलेलं मांजर शोधायचं काम मिळालंय. मांजर सापडतं आणि ती ते परत द्यायला जाते तर नेमकी मालकाचीच शोकसभा चालू. एक गृहस्थ उठून गंभीर भाषण करतायत, "मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही, पण त्यांचं मन मोठं होतं," तेवढ्यात मांजर पिंजऱ्यातून निसटतं, तीस माणसं ओलांडून सरळ त्यांच्याच पायात जाऊन घुटमळतं, ते शिंकतात, परत शिंकतात, चष्मा पडतो, कोणीतरी फिदीफिदी हसतं. वाचकही हसतो. वीस प्रकरणांनंतर डिटेक्टिव्ह फक्त एवढंच विचारते, कधीच घरी न गेलेल्या माणसाला मांजर ओळखतं कसं?

बघा, काहीच लपवलेलं नाही. रोनाल्ड नॉक्स नावाचे पाद्री होते, स्वतः डिटेक्टिव्ह कथाही लिहायचे, त्यांनी 1929 मध्ये या प्रकारासाठी 10 नियम केले, त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकाला लगेच दाखवायचा. आधी कल्पना न देता जुळे भाऊ आणायचे नाहीत, अनोळखी विष वापरायचं नाही, असेही नियम आहेत. विषाचं तर मनावर घ्याच. रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करायच्या, म्हणून त्यांच्या गोष्टीतली विषं पटतात. आपल्याला ती माहिती नसेल तर सरळ जिन्यावरून ढकला.

विनोद मेलेल्या माणसावर करू नका, जिवंतांवर करा. आणि मेलेला असा निवडा की दुसऱ्या प्रकरणात वाचक रडत बसणार नाही.

लांबी साधारण 60 ते 80 हजार शब्द पुरते. झालं की तिघांना अर्धंच वाचायला द्या आणि विचारा, कोणावर संशय आहे? तिघांची वेगवेगळी नावं आली तर पुढचं अर्धं द्या. तिघांनीही खुन्याचंच नाव घेतलं तर त्या मांजराच्या सीनमध्ये अजून एक शिंक वाढवा.