प्रतिस्पर्ध्यांच्या माहितीचे काम: नवोदितांसाठी काही अनुभव

बाजार-संशोधनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांची बहुधा अशी समजूत असते, की प्रतिस्पर्ध्याविषयीची मोलाची माहिती कुठेतरी दडवून ठेवलेली असते आणि ती शोधून काढणे हेच आपले काम. या क्षेत्रात बरीच वर्षे घालवल्यावर मला तसे वाटत नाही. बहुतेक माहिती उघड्यावरच असते आणि तिचा मोठा भाग आपल्याच कंपनीत कुणाच्या तरी कानावर आलेला असतो. घोडे अडते ते तिची दखल घेण्यात आणि निर्णय होण्याआधी ती योग्य माणसापर्यंत पोहोचवण्यात.

विक्री प्रतिनिधीला ग्राहकाकडून समोरच्या कंपनीचे दर कळतात, खरेदी विभागाला पुरवठादाराच्या बोलण्यातून बाजारातल्या मागणीचा कल समजतो, आणि दुरुस्तीसाठी गेलेला तंत्रज्ञ शेजारी बसवलेले दुसऱ्या कंपनीचे यंत्र डोळ्यांनी पाहून येतो. ही माणसे सहसा काही कळवत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. आणि एखाद्याने कळवलेच, तर पुढे त्याचे काय झाले हे त्याला कधीच समजत नाही. म्हणून रुजू झाल्यावर आधी या लोकांशी ओळखी वाढवाव्यात आणि त्यांच्या माहितीचा उपयोग कुठे झाला, हे त्यांना आवर्जून सांगावे.

ऐकलेली गोष्ट मात्र जशीच्या तशी वर पाठवू नये. एका यंत्रनिर्मिती कंपनीत असताना विक्री विभागाकडून ‘समोरच्यांनी भाव पाडले’ असा निरोप आला आणि आपणही दर उतरवावेत अशी मागणी सुरू झाली. आमच्या एका ग्राहकाने त्यांचे दरपत्रक स्वतःहून दाखवले, तेव्हा यंत्राची किंमत जुनीच असल्याचे दिसले. बदलली होती ती उधारीची मुदत, 30 दिवसांवरून 60 दिवसांवर. ग्राहकांना स्वस्त यंत्र नको होते, पैसे उभे करायला सवड हवी होती. दर उतरवले असते तर नफा घटला असता आणि ग्राहकाची अडचण तशीच राहिली असती. ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की कुणी सांगितले?’ हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक निरोपाला विचारतो.

बाहेरच्या साधनांपैकी वार्षिक अहवाल, निविदांचे निकाल आणि पेटंटचे अर्ज सर्वांना ठाऊक असतात. पेटंटचा अर्ज बहुतेक देशांत साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे त्यातून दिसणारी दिशा थोडी जुनी असते. मला स्वतःला नोकरीच्या जाहिराती अधिक बोलक्या वाटतात. एखादी कंपनी आजवर न विकलेल्या प्रकारच्या यंत्रांसाठी सेवा-अभियंते शोधू लागली, की त्या मालाची तयारी बरीच पुढे गेली असावी, असा अंदाज बांधता येतो. अर्थात तो अंदाजच; दुसऱ्या स्वतंत्र साधनातून दुजोरा मिळेपर्यंत अहवालात त्याची नोंद तशीच करावी.

माहितीचा उपयोग कसा करावा, याचे झेरॉक्स या छायाप्रती काढणारी यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. 1979 च्या सुमारास, आपल्याला जेवढा उत्पादनखर्च येतो तेवढ्याच किमतीत जपानी कंपन्या यंत्रे विकत आहेत, हे तिच्या लक्षात आले. मग तिने त्या यंत्रांचे भाग आणि उत्पादनपद्धती बारकाईने तपासून स्वतःच्या कामाशी त्यांची तुलना केली. पुढे गोदामाच्या कामासाठी तर तिने टपालाने माल विकणाऱ्या एल. एल. बीन या कंपनीचा अभ्यास केला, जी तिची प्रतिस्पर्धीही नव्हती.

मर्यादांविषयी तडजोड नको. खोटी ओळख सांगून माहिती काढणे किंवा समोरच्या कंपनीतून आलेल्या सहकाऱ्याकडे तिथली गोपनीय कागदपत्रे मागणे, या गोष्टी पहिल्या दिवसापासून वर्ज्य समजाव्यात. 2006 मध्ये कोका-कोलाची गुपिते विकण्याचा प्रस्ताव पेप्सीकडे आला, तेव्हा तिने तो थेट कोका-कोलाला कळवला आणि एफबीआयच्या तपासानंतर संबंधितांना अटक झाली. कोणी आपणहून असे काही आणून दिले, तर ते न वाचता विधी विभागाकडे सोपवावे.

नोंद करताना तारीख, माहितीचे मूळ आणि तिच्यावर किती भरवसा ठेवता येईल हे लिहावे, आणि त्याखाली ही माहिती कोणत्या निर्णयासाठी, कुणाला आणि कधीपर्यंत हवी आहे हेही लिहावे. ही शेवटची ओळ भरता येत नसेल, तर ती नोंद बाजूला ठेवून पुढच्या कामाला लागावे.