कळसूबाईच्या वाटेवर एलीयाचा अध्याय

चर्चच्या तरुण संघाला घेऊन डोंगरावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, बायबलमधलं वचन कोणतं घ्यायचं? माझं ऐकाल तर एकच घ्या, आणि चालून चालून दमलेल्या माणसाचं घ्या. मी १ राजे या पुस्तकाचा अध्याय १९ घेतो. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला संदेष्टा एलीया रानात बसून मरण मागतो, मग होरेब डोंगरापर्यंत चालत जातो आणि तिथून परत पाठवला जातो. शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे असेल, पण या अध्यायात देव माणसाच्या शरीराची किती काळजी घेतो ते मला आधी दिसतं.

डोंगर कळसूबाईचा. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते, आणि कड्यांवर लोखंडी शिड्या असल्यामुळे नवख्यालाही जमतं. पावसाळ्यात त्या शिड्या निसरड्या होतात आणि सुट्टीला त्यांच्यावर रांग लागते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आडवार बघा आणि उजाडायच्या आत चालायला लागा. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा, चिक्की आणि टोपी. आधीचे तीन-चार आठवडे रोज जिने चढायला लावा.

पायथ्याला प्रार्थना करा, पण प्रवचन देऊ नका. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि देवाने एलीयाला विचारलेला प्रश्न त्यावर लिहायला सांगा: तू इथे काय करतोस? खाली आपापलं उत्तर. कागद खिशात, विषय तिथेच थांबवा.

चढताना सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. पहिली शिडी येईपर्यंत कुणीतरी मट्कन बसतंच. "सर, मला नाही जमणार, तुम्ही जा." त्या वेळी धीराचे चार शब्द सांगायचा मोह होतो. त्याआधी पाणी आणि भाकरी द्या. रतामाच्या झुडपाखाली निजलेल्या एलीयाला देवदूताने निराशेबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, हे त्याने स्वतःहून मान्य केलं. त्या मुलाचं खाऊन झालं की एवढीच वचनं, ४ ते ८, मोठ्याने वाचा. दमलेल्या पोराला ती वेगळी समजवावी लागत नाहीत. ज्याला खरंच पुढे जायचं नसेल त्याच्यासोबत एक मोठा माणूस ठेवा आणि त्याला तिथूनच खाली जाऊ द्या.

चढणीवर गाणं हवं असेल तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं घ्या. पेटीवाचून म्हणता येतात आणि पावलांच्या ठेक्यात बसतात. शिडीवर मात्र गाणं बंद, दोन्ही हात कठड्याला.

शिखरावर कळसूबाईचं देऊळ आहे, पंचक्रोशीतले लोक श्रद्धेने वर येतात. तिथे आपली उपासना मांडू नये असं माझं ठाम मत आहे. दर्शनाला आलेल्यांना वाट द्या, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि भंडारदऱ्याचं पाणी डोळे भरून बघा आणि खाली या. शेवटच्या शिडीच्या खालच्या अंगाला वारा कमी लागेल अशी जागा बघून बसा. वर वाऱ्याने कान बधिर झालेले असतात, त्यामुळे वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर नव्हता, तो त्यानंतरच्या मंद वाणीत बोलला, हे इथे ऐकताना मुलं आपोआप गप्प होतात. फोन बंद करून अर्धा तास कुणीच बोलायचं नाही. तुम्हीही नाही.

मग कागद काढायला सांगा. देवाने एलीयाला तोच प्रश्न वर दुसऱ्यांदा विचारला, आपणही विचारायचा. बऱ्याच जणांचं उत्तर सकाळचंच असतं आणि ते खट्टू होतात. त्यांना दहावं आणि चौदावं वचन शेजारी ठेवून वाचायला लावा. एलीयानेही तेच गाऱ्हाणं पुन्हा सांगितलं होतं, मीच एकटा उरलो आहे म्हणून. देव रागावला नाही. आल्या वाटेने परत जा म्हणाला, कामं नेमून दिली आणि बआल या दैवतापुढे गुडघा न टेकलेले सात हजार अजून आहेत हेही सांगितलं.

त्यामुळे माझ्या मते धड्याचा मुख्य भाग उतरणीवर आहे, आणि नेमका तोच लोक घाईत उरकतात. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलतात, म्हणून पाय लटपटतात. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, शिडीवर तोंड शिडीकडे. दोघादोघांच्या जोड्या लावा आणि एकच विषय द्या: खाली गेल्यावर मला कुणाकडे जायचं आहे? एलीया उतरला तो नांगर धरलेल्या, पुढे त्याच्या जागी संदेष्टा होणाऱ्या अलीशाकडे गेला. तिथे होमवर्क म्हणून मोठी सेवा ठरवू देऊ नका. आजारी आत्या, बोलणं तुटलेला भाऊ, उपासनेला यायचा थांबलेला मित्र, असं एक नाव पुरे.

बारीत पोचल्यावर आधी पिठलं-भाकरी, मग त्याच कागदाच्या पाठीवर ते नाव. कागद ज्याचा त्याच्याकडे राहू द्या, रविवारी मंडळीपुढे साक्ष म्हणून वाचायला लावू नका. आठवड्याभराने प्रत्येकाला वेगळं गाठून एवढंच विचारा, जाऊन आलास का?