व्हायरस यायच्या आधी: घरच्या कॉम्प्युटरची तयारी

हे सगळं मशीन धड चालतंय तोवर उरकायचं. एकदा फाइल्स लॉक झाल्या आणि स्क्रीनवर खंडणीची मागणी झळकली, की नंतर टाकलेल्या अँटीव्हायरसने त्या फाइल्स उघडत नाहीत. म्हणून पहिलं काम बॅकअपचं. फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेब, जे पुन्हा मिळणार नाही ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअरही (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पोचतं, ती सोय त्याला करून देऊ नका. डिस्क काढण्याआधी दोन-चार फाइल्स उघडून बघा, कॉपी धड झाली आहे ना.

सोबत ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून त्यावर विंडोजचा इन्स्टॉलर तयार होतो, म्हणजे गरज पडली तर विंडोज नव्याने टाकता येतं; पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात असू द्या. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती फक्त त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवणारेही असतात!

आता अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, पण ते ज्या फटीतून शिरत होतं ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याआधी हे आठवावं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ पेलत नसेल आणि काम मुख्यतः ब्राउझरमध्येच होत असेल, तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टीम फुकट आहे आणि वाटते तितकी अवघड नाही.

अँटीव्हायरस विंडोजमध्ये आधीच आहे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, असं माझं मत. विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारं) चालू आहेत ना, ते बघा. तिथेच रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाचं बटण असतं, ते सहसा बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारख्या फोल्डरांमध्ये हात घालता येत नाही. कधीकधी चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं, मग त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. ही कटकट सोसण्यासारखी आहे.

दुसरा अँटीव्हायरस मात्र वर चढवू नका. तो आला की डिफेंडर सहसा बाजूला होतो, आणि दोघे एकदम जागे राहिले तर मशीन रखडतं. दुसरं मत हवंच असेल तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती ठेवा. पेड आवृत्तीची ट्रायल संपली की ती फक्त सांगाल तेव्हा स्कॅन करते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. डाउनलोड केलेल्या एखाद्या फाइलचा संशय आला तर व्हायरसटोटलवर टाका, अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून एकदम तपासून मिळते. स्वतःची खासगी कागदपत्रं तिथे चढवायची नाहीत, त्या फाइल्स इतरांनाही बघता येतात.

ब्राउझरमध्ये ॲड ब्लॉकर हवाच, कारण 'डाउनलोड' लिहिलेली खोटी हिरवी बटणं जाहिरातींतूनच येतात. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण चालतं, क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर, दोन्ही फुकट.

मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो', आणि तिथे फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल, जी खरं तर प्रोग्राम आहे, 'बिल.पीडीएफ' म्हणून दिसते. आयकॉनही पीडीएफचाच चिकटवलेला असतो. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं वेगळं अकाउंट काढा. मुलांना तर तेच द्या.

घरातल्या सगळ्यांना समोर बसवून एक गोष्ट दाखवायची आहे. 'मी रोबॉट नाही' असं पान येतं, तुम्ही क्लिक करता, आणि मग ते सांगतं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. क्लिक करताच त्या पानाने एक कमांड गुपचूप क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते. ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. हुकूम खुद्द मालकाचाच, त्यामुळे अँटीव्हायरसही फसू शकतो. खऱ्या कॅप्चाला, म्हणजे 'रोबॉट नाही' या तपासणीला, विंडोज आणि आर दाबून उघडणारा रन बॉक्स लागत नाही. असं पान दिसलं की टॅब बंद, एवढाच नियम पाठ करून घ्या.

एवढं करूनही काही घुसलंच, तर काय करायचं ते कागदावर लिहून पेनड्राइव्हसोबत ठेवा. आधी नेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून, आणि ईमेलचा सगळ्यात आधी. मशीनची खात्री पटेपर्यंत बॅकअपची डिस्क त्याला लावू नका. फाइल्स लॉक झाल्या असतील तर पैसे भरण्याआधी नो मोअर रॅन्सम ही साइट बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. तुमच्या वाट्याला आलेल्याची नसली, तरी लॉक झालेल्या फाइल्स पुसू नका, काही किल्ल्या उशिरा मिळतात.