तीन इंची की पाच इंची? टेबलावरच्या स्पीकरचा बास पारखताना

माझ्या कामाच्या टेबलावर स्पीकरच्या दोन जोड्या असतात. एकीत तीन इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग), दुसरीत पाच इंची. मी ध्वनिपुस्तकांचं संपादन करते. सुरुवातीला फक्त छोटी जोडी होती आणि तिचा बास मला भरपूर वाटायचा. मग एका लांबलचक पुस्तकात, वाचणाऱ्याचा हात टेबलाला लागून झालेले धप्प आवाज माझ्याकडून तसेच राहून गेले. माझ्या स्पीकरवर ते ऐकूच आले नव्हते. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना मात्र ते पानापानाला ऐकू आले. तेव्हापासून स्पीकर घ्यायचा असो वा दुसऱ्याला सुचवायचा, मी पुढच्या पद्धतीने ऐकल्याशिवाय मत देत नाही.

सगळ्यात आधी दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करा. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला ‘जोरात’ असा कळत नाही, ‘जास्त भरदार’ असा कळतो, आणि तिथेच तुलना बिघडते. त्यातून हळू आवाजात आपला कान खर्जाला फारच कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे ज्या स्पीकरचा आवाज थोडा वर, त्याचा बासही फुकटात वर. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्या, फोन तुमचं डोकं असतं तिथे धरा आणि दोन्ही जोड्यांवर एकच बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून आकडा जुळवा. त्यासाठी गाणं वापरू नका. दोन्हींचा बास वेगळा असल्याने आकडा फसवा येतो.

मग जागा. दोन्ही जोड्या आळीपाळीने त्याच ठिकाणी ठेवा. मी टेबलावर चिकटपट्टीने खुणाच करून ठेवल्या आहेत. स्पीकर भिंतीला टेकवला की खालच्या सुरांना 6 डेसिबलपर्यंत बळ मिळतं, कोपऱ्यात त्याहून जास्त. एक जोडी भिंतीलगत आणि दुसरी मोकळ्यावर ठेवून ऐकलंत, तर तुलना भिंतीची होईल. टेबलाचा पृष्ठभागही आवाज परतवतो आणि पुरुषी आवाज बोजड करतो. खाली फोमचा उतरता तुकडा सारून ट्वीटरचं, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या ड्रायव्हरचं, तोंड कानाकडे वळवलं की हा बोजडपणा बराच कमी होतो.

आता खरी परीक्षा. टोन जनरेटरवर, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणाऱ्या ॲपवर, 200 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि सावकाश खाली या. 150, 120, 100, 80, 60, 50. छोट्या जोडीत साधारण कुठे आवाज ढासळतो ते टिपून ठेवा, मग मोठ्या जोडीत. इथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. 40 हर्ट्झला छोट्या स्पीकरमधूनही काहीतरी गुणगुणताना ऐकू येतं आणि माणूस खूश होतो. पण तो बहुधा 40 चा सूर नसतो. कोन, म्हणजे ड्रायव्हरचा हलणारा पडदा, ताणला जाऊन निघालेले 80 आणि 120 चे वरचे सूर असतात. ओळखायचं कसं? सूर खाली नेताना तो खरोखर खोल उतरतोय का ते ऐका. उतरायचा थांबला आणि नुसती घरघर सुरू झाली, की स्पीकरचा तळ आला. आवाज वाढवून तो तळ आणखी खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, ड्रायव्हर खराब होईल.

असं का होतं? तितक्याच जोरात एक सप्तक खाली जायचं, म्हणजे 80 वरून 40 वर, तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. पाच इंची कोनचं क्षेत्रफळ तीन इंचीच्या पावणेतीनपट असतं, म्हणून त्याला कमी हलून भागतं. वर खोक्याचा प्रश्न आहेच: छोटं खोकं, खोल बास आणि भरपूर जोर, यांतल्या दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. पोर्ट, म्हणजे ते हवेचं भोक, थोडी मदत करतं. पण ठरलेल्या सुराच्या खाली पोर्टवाल्या स्पीकरचा आवाज बंद खोक्यापेक्षा वेगाने गळतो. मोठ्या आवाजात भोकातून फसफस ऐकू येत असेल, तर तोही दोषच.

नंतर संगीत. बास गिटार एकटी चालत जाते असा तुकडा निवडा. तिची सर्वांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झची. प्रत्येक सूर तुम्हाला गुणगुणता येतोय का? की सगळे सूर एकाच ‘धुम्म’मध्ये मिसळतात? बास किती आहे यापेक्षा मी याला जास्त गुण देते. कित्येक छोट्या स्पीकरांत 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा दिलेला असतो, म्हणजे तेवढेच सूर जोरात केलेले असतात. तो पहिल्या पाच मिनिटांत आवडतो आणि तासाभरात कानाला नकोसा होतो. डग्ग्यावर मनगट घासत नेलेली मींड लावून पाहा, उंचवट्याचा स्पीकर लगेच उघडा पडतो.

त्याच तुकड्यावर गाणारा आवाज असेल तर आवाज वाढवून त्याच्याकडे लक्ष द्या. एकाच ड्रायव्हरवर सगळा भार असेल तर बासच्या ठोक्याबरोबर गळा थरथरतो, गढूळ होतो. काही स्पीकर आवाज वाढताच आतल्या आत बास कापतात. म्हणून हळू आणि मोठ्या, दोन्ही पातळ्यांवर ऐका.

खोक्यावर छापलेल्या ‘40 हर्ट्झपासून’ला, शेजारी किती डेसिबलची घट धरली ते नसेल, तर अर्थ नाही. अधिक-उणे 3 डेसिबल असं लिहिलेलं असेल तरच दोन आकडे शेजारी ठेवा. पीएमपीओ वॅटकडे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या ताकदीच्या आकड्याकडे, तर पाहूच नका.

आणि मोठी जोडी जिंकली तरी खोली आड येऊ शकते. समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटरच्या आतबाहेर अंतर असेल तर 50 हर्ट्झच्या आसपासचे सूर खोलीत घुमतात, नाहीतर बसल्या जागी गायबच होतात. स्पीकरला दोष देण्याआधी खुर्ची हात-दीड हात पुढेमागे करून पाहा.

मी आता शब्द कापण्याचं काम छोट्यांवरच करते. बोलणं त्यांत स्वच्छ येतं. शेवटची फेरी मोठ्यांवर, धप्प आवाज शोधायला. टेबलावर जागा नसेल तर छोट्यांना सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, जोडा, पण छोट्यांकडून सबवूफरकडे सुरांची अदलाबदल 80 हर्ट्झच्या जवळपास होईल इतके ते छोटे स्पीकर खाली उतरतात का, हे आधी त्याच टोन जनरेटरवर बघा. ते 150 लाच दमत असतील तर मधला भाग सबवूफरला गावा लागतो, आणि मग माणसाचा आवाज अर्धा टेबलाखालून येतो.