तारेच्या दागिन्यांत हात बसवताना

मोत्यांची जुनी नथ उलटी करून भिंगातून पाहिली, तर तिच्यात घडवण्यापेक्षा बांधण्याचे काम जास्त असल्याचे लक्षात येते. तिचा कणा म्हणजे वाकवलेली सोन्याची तार, आणि मोती त्या कण्यावर तिच्याहून बारीक तारेने वेढे देऊन आवळलेले असतात. काळे मणी तारेत गाठवलेले मंगळसूत्रही याच जातीचे असते. मण्यातून निघालेल्या तारेचा फास करायचा आणि तो पुढच्या फासात अडकवायचा, एवढ्यावर ते उभे असते. तारेचे दागिने हा परदेशी व्हिडिओंतून आलेला छंद आहे असा समज असला, तरी त्यातला मूळ सांधा आपल्या घरच्या डब्यातच आहे. म्हणून हे काम शिकू इच्छिणाऱ्याने पहिले काही दिवस पक्कड हातात न घेता घरातले दागिने पाहावेत आणि तार कुठून सुरू होते, कुठे संपते, तिचे टोक कुठे लपवले आहे, हे वहीत काढून ठेवावे.

सुरुवातीलाच एक फरक सांगणे आवश्यक आहे. ओडिशातल्या कटकची किंवा तेलंगणातल्या करीमनगरची तारकशी हीदेखील तारेचीच कला आहे, परंतु तिथे चांदीच्या बारीक तारा पिळून, चपट्या करून चौकटीत बसवतात आणि झाळून, म्हणजे आगीवर जोडधातू वितळवून जोडतात. येथे ज्याविषयी लिहिले आहे त्या कामात जोड देण्यासाठी आगीचा उपयोग होत नाही. वाकवणे, गुंडाळणे, पिळणे आणि अडकवणे या चार क्रियांवरच दागिना टिकला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम करता येते ते त्यामुळेच, आणि त्यातली चूक झाकता येत नाही तीही त्यामुळेच.

तार निवडणे

सरावासाठी तांब्याइतकी चांगली तार नाही. ती मऊ असते, स्वस्त पडते आणि तिचे वागणे चांदीच्या बरेच जवळचे असते. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या सामानाच्या दुकानांत तांब्याची तार मिळते, तर मणी आणि हत्यारांसाठी पुण्यात रविवार पेठ आणि मुंबईत भुलेश्वर येथे चक्कर मारावी. मोटर भरण्यासाठी वापरतात त्या तारेवर पारदर्शक लेप असतो, हे मात्र विसरू नये. सरावाला ती चालते, परंतु तो लेप जाळू नये, कारण त्याचा धूर घातक असतो. तार तापवायची असेल तर बिनलेपाचीच घ्यावी.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते. नवशिक्याची फसगत होते ती याच्या पुढच्या पायरीवर. आपल्या दुकानांत सहसा ब्रिटिश पद्धतीचे गेज चालते, तर बहुतेक व्हिडिओंत अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीची २० गेज तार ०.९१ मिमी जाडीची असते आणि अमेरिकन २० गेज ०.८१ मिमीची. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण मण्याच्या छिद्रात तार जाते की अडते हे त्याच्यावरच ठरते. म्हणून गेज विसरून मिलिमीटरमध्येच बोलावे आणि एक साधा व्हर्निअर कॅलिपर विकत घ्यावा. चौकटीसाठी १ ते १.२ मिमी, कानातल्या आकड्यासाठी सुमारे ०.८ मिमी, मणी ओवण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि वेणकामासाठी, म्हणजे जाड तारांभोवती गुंडाळण्यासाठी, ०.३ ते ०.४ मिमी, एवढ्या चार जाड्या पहिल्या वर्षासाठी पुरतात. मोत्यांची छिद्रे फार बारीक असतात, त्यामुळे मोती खरेदी करताना तारेचा तुकडा खिशात असलेला बरा.

हत्यारांत गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड, सपाट कापणारा कटर, बारीक कानस, लहान हातोडी आणि ठोकण्यासाठी पोलादी ठोकळा एवढे पुरेसे आहे. पकडीच्या जबड्यांना आतून दाते नसावेत, कारण दात्यांचे वळ तारेवर उमटतात आणि ते पुढे कशानेही धड जात नाहीत.

तार का कडक होते

पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन केले जाणारे मठारकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कलेचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. त्या ठोक्यांनी भांड्याला चमक येते, तसेच ते बळकटही होते. तांबे किंवा चांदी वाकवली, पिळली वा ठोकली, की तिच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकतात, सरकताना आत अडथळे साचत जातात आणि पुढचे सरकणे अधिकाधिक अवघड होते. तारेच्या बाबतीत याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा, की एकाच ठिकाणी तीन-चारदा मागेपुढे वाकवलेली तार तिथेच तुटणार, म्हणून चुकलेला वळसा सरळ करून पुन्हा त्याच जागी वळवण्याचा मोह टाळावा आणि नवा तुकडा घ्यावा. दुसरा असा, की तयार झालेल्या आकड्यावर किंवा चौकटीवर ठोकळ्यावर ठेवून हलके ठोके दिले, तर ती वापरात आपला आकार सोडत नाही. कानातला आकडा न ठोकता दिला, तर तो लवकरच फाकतो.

कडक झालेली तार पुन्हा मऊ करता येते. बिनलेपाच्या तांब्याच्या तारेचे सैल वेटोळे करून, अंधाऱ्या जागी, लहान गॅस टॉर्चची ज्योत सतत फिरवत ठेवून, ती मंद लाल दिसेपर्यंतच तापवावी आणि पाण्यात बुडवावी. वर काळी पुटे येतात; देवघरातली तांब्याची भांडी ज्या चिंचेने किंवा लिंबू-मिठाने आपण घासतो, त्यानेच ती निघतात. वेणकामाची बारीक तार मात्र तापवण्याच्या फंदात पडू नये, ती पाहता पाहता वितळते.

कडी आणि फास

सगळे काम दोन गोष्टींवर उभे आहे, असे मी मानतो: कडी आणि गुंडाळलेला फास. या दोन नीट जमेपर्यंत पानाफुलांच्या, झाडाच्या आणि मोराच्या नक्ष्या बाजूला ठेवाव्यात. नवशिक्यांचे काम पाहिले तर मोर सुंदर असतो आणि कडी उघडी असते. दागिना हरवतो तो कडीतून.

कडी करण्यासाठी विणकामाच्या सुईवर किंवा कोणत्याही गुळगुळीत दांड्यावर तार घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावी आणि मग एकेक वेढा कापावा. एका कडीला लागणारी तार म्हणजे आतला व्यास अधिक तारेची जाडी, गुणिले ३.१४. आतून ६ मिमीची कडी १ मिमी तारेने करायची, तर ७ गुणिले ३.१४, म्हणजे २२ मिमी. कटरचा एका बाजूचा काप सपाट येतो आणि दुसऱ्या बाजूचा टोकदार, त्यामुळे प्रत्येक वेढा कापल्यावर कटर उलटा करून टोकदार बाजू पुन्हा छाटावी लागते. हा कंटाळवाणा भाग जो टाळतो, त्याच्या कड्यांमध्ये फट राहते. कडी उघडताना दोन पकडींनी धरून एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे न्यावे; दोन्ही टोके बाजूंना फाकवली, तर गोल आकार कायमचा बिघडतो. बंद करताना टोके किंचित एकमेकांपलीकडे नेऊन परत आणावीत, म्हणजे ती एकमेकांना घासून घट्ट बसतात.

फासासाठी मणी ओवल्यावर मण्याच्या वर दोन-तीन मिमी मान सोडून तार काटकोनात वाकवावी, गोल पकडीभोवती पूर्ण वळसा द्यावा, त्यात आधी कडी किंवा साखळी अडकवायची असेल तर अडकवावी आणि मग उरलेल्या टोकाने मानेला दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत. टोक मण्याच्या अगदी जवळ कापून चपट्या पकडीने आत दाबावे. गोल पकडीचा जबडा निमुळता असल्याने तार जिथे धरली जाते त्यावर फासाचा आकार ठरतो. जबड्यावर मार्करने एक रेघ मारली, की सगळे फास एकाच मापाचे येतात. असे शंभर फास केल्यावर हात बसू लागतो.

वेणकाम

दोन जाड तारांभोवती बारीक तार आलटून-पालटून गुंडाळण्याचे वेणकाम दिसायला अवघड, परंतु करायला मुख्यतः सबुरीचे आहे. त्यात अडचण येते ती तार अर्ध्यावर संपण्याची. हिशेब आधीच करावा: १.२ मिमी जाडीच्या एका तारेवर ०.३७ मिमी तारेचा एक वेढा जवळपास ५ मिमी तार खातो आणि एका सेंटिमीटरमध्ये सुमारे २७ वेढे बसतात, म्हणजे दर सेंटिमीटरला साडेतेरा सेंटिमीटर बारीक तार लागते. पाच सेंटिमीटरच्या पट्टीला पाऊण मीटर धरून कापणे शहाणपणाचे. एक मीटरहून लांब तुकडा घेऊ नये, त्याला गुंते पडतात आणि गुंत्यातून निघालेली तार मुरडलेलीच राहते.

आपला हात सापडणे

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) लहानपणी रस्त्यावर सापडलेल्या तांब्याच्या तारेच्या तुकड्यांतून बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करीत असत. पुढे त्यांनी सुमारे १८०० दागिने केले, त्यांतले बरेच ठोकलेल्या पितळेचे किंवा चांदीचे, आणि झाळकाम शक्य तिथे टाळलेले. साधे वेटोळे हा त्यांचा लाडका आकार होता. त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते हेच, की त्यांनी आपल्या कामाला मर्यादा घालून घेतली आणि तिच्यातच अनेक वर्षे काम केले.

शिकणाऱ्यानेही तेच करावे. एक जाडी, एका जातीचे मणी आणि एक सांधा ठरवून त्यातून वीस वेगवेगळी कानातली करावीत. पहिली सात-आठ कुठेतरी पाहिलेल्यांसारखी होतात, त्यानंतर पाहिलेले संपते आणि स्वतःचे सुचू लागते. नक्कल करून शिकण्यात गैर काही नाही, परंतु नक्कल केलेला नमुना विकायला ठेवू नये. प्रत्येक नगाची नोंद वहीत असावी: किती तार कापली, किती उरली, किती वेळ लागला, काय बिघडले. हीच वही पुढे किंमत ठरवताना कामी येते. वेळ न धरता फक्त तारेची आणि मण्यांची किंमत लावणारे कारागीर हळूहळू हे काम सोडून देतात. जोडीचा दागिना करताना एक पूर्ण करून मग दुसरा करण्याऐवजी प्रत्येक पायरी दोन्हींवर लागोपाठ करावी, तरच जोडी जुळते. उरलेली तार वहीत दर वेळी दोन-तीन सेंटिमीटरवर येऊ लागली, की चांदीची तार घ्यायला हरकत नाही. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळते त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि निकेलची अॅलर्जी अनेकांना असते. कानात घालण्याचा भाग त्याचा करू नये. ९२५ चांदी (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) किंवा टायटॅनियम वापरावे. तांब्याने घामामुळे त्वचेवर हिरवट डाग पडतो, तो धुतला की जातो, पण हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे.

कोणाला देण्यापूर्वी दागिना स्वतः किंवा घरातल्या कोणीतरी पंधरा दिवस रोज वापरावा, आणि त्याआधी तो जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवावा. जिथे धागा ओढला जाईल, तिथे तारेचे टोक बाहेर आहे. ते आधी कानशीने घासून मग पकडीने आत दाबावे आणि ओढणीवरून पुन्हा फिरवून पाहावे.