फ्लॅट रिकामा राहिला तर किती जातं, आधी हिशोब करा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला ४५ लाखाचा टू बीएचके, भाडं १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार, ४ टक्के सुटले, असं एजंट सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण भाडेकरू गेला की काय होतं ते मांडा ना.

समजा एक महिना कुलूप. भाडं गेलं १५ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स १५०० आपल्याच खिशातून, कलर आणि गळके नळ १२ हजार, नवीन भाडेकरू आणायला ब्रोकरेज एक महिन्याचं धरा. झाले ४३,५०० !! हातात उरले १,३६,५००, म्हणजे ३ टक्के, आणि घरपट्टी अजून धरलीच नाहीये. भाडेकरू दोन वर्षं टिकला तर हाच खड्डा दोन वर्षांत वाटला जातो, म्हणून मी तरी हजार रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा टिकणारा बघेन. अंबड-सातपूर एमआयडीसीतली नोकरदार फॅमिली असेल, पोरं जवळच्या शाळेत असतील तर सहसा लवकर हलत नाहीत, कॉलेजची पोरं मात्र परीक्षा संपली की बॅगा भरतात.

अग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं, त्यामुळे नवव्या महिन्यातच विचारून घ्या राहणार का. नोटीस पिरियड लेखी हवाच.

इन्कम टॅक्समध्ये भाड्याने दिलेलं घर मधे रिकामं राहून भाडं कमी आलं असेल तर प्रत्यक्ष आलेलं भाडंच धरता येतं, सीएला आठवण करा. फ्लॅट कर्ज काढून घेणार असाल तर रिकाम्या काळासाठी तीन हप्ते वेगळे ठेवूनच बुकिंगचं टोकन द्या.